उद्धार आणि सोडवणूक : ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’मधील एक हिशेब

‘रिडेम्प्शन’ या इंग्रजी शब्दासाठी आपण मराठीत बहुधा ‘उद्धार’ हा शब्द योजतो. दोन्ही शब्द धर्मविचारातून साहित्यविचारात आले असल्यामुळे ही अदलाबदल फारशी कोणास खटकत नाही. परंतु दोहोंची मुळे निराळी आहेत. ‘उद्धार’ म्हणजे वर उचलणे. कोणी एक वर उभा आहे, कोणी एक खाली पडलेला आहे, आणि वरच्याने हात देऊन खालच्यास बाहेर काढले, असे चित्र या शब्दात आहे. (बोलीभाषेत ‘सात पिढ्यांचा उद्धार करणे’ याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही, लोकांनी या शब्दाची परीक्षा आपल्या पद्धतीने केलेलीच आहे.) ‘रिडेम्प्शन’ मात्र लॅटिनमधून आलेला आणि मूळचा व्यवहारातला शब्द. त्याचा अर्थ परत विकत घेणे. सावकाराकडे गहाण पडलेला दागिना रक्कम भरून सोडवून आणावा, किंवा दाम मोजून गुलामास मुक्त करावे, ती ही क्रिया. तिच्यात कोण वर आणि कोण खाली हा प्रश्न मुख्य नाही. देणे किती आहे आणि ते कोण फेडतो, हा मुख्य प्रश्न आहे. म्हणून आम्हांस ‘उद्धार’ या शब्दापेक्षा ‘सोडवणूक’ हा साधा शब्द अधिक जवळचा वाटतो.

हा शब्दविचार येथे केला, कारण ज्या कादंबरीविषयी आम्हांस लिहावयाचे आहे ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत देण्याघेण्याची कादंबरी आहे. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ ही ‘ऑल द इयर राउंड’ या त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकात १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी कादंबरीस पतित माणसाच्या परिवर्तनाचे मोठे आकर्षण होते. डिकन्सनेच १८४३ मध्ये ‘ए ख्रिसमस कॅरोल’मध्ये कंजूष स्क्रूजला एका रात्रीत उदार केले होते, आणि १८५९ मध्ये ‘ए टेल ऑफ टू सिटीज’मधील सिडने कार्टनला दुसऱ्यासाठी गिलोटिनखाली पाठवले होते. जॉर्ज एलियटचा ‘सायलस मार्नर’ हा विणकर १८६१ मध्येच वाचकांपुढे आला. त्याच्या हरवलेल्या सोन्याच्या जागी एक अनाथ मुलगी येते आणि त्याला पुन्हा माणसांत आणते. या सर्वांत ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ आम्हांस अधिक खरी वाटते. येथे परिवर्तन एका रात्रीत घडत नाही, त्यासाठी हौतात्म्याचीही गरज पडत नाही. आणि नायकाचे पाप असे आहे की ज्याला कोणतेच न्यायालय पाप म्हणणार नाही.

ते पाप म्हणजे आपल्या माणसांची लाज वाटणे. वसतिगृहात राहून शिकलेल्या, घरातून पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या वाचकांना या पापाचा परिचय करून देण्याची आवश्यकता नसावी.

कथा थोडक्यात अशी. इंग्लंडच्या केंट परगण्यात, थेम्स नदीच्या मुखाजवळच्या दलदलीच्या प्रदेशात पिप नावाचा अनाथ मुलगा राहतो. आईबाप आणि पाच भावंडे गावच्या दफनभूमीत आहेत. थोरली बहीण त्याला वाढवते, मारते आणि वाढवल्याचे उपकार उठता-बसता ऐकवते. तिचा नवरा, नात्याने पिपचा दाजी, ज्यो गार्जरी हा गावचा लोहार. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दफनभूमीत पायात बेडी असलेला एक फरारी कैदी पिपला गाठतो, उचलून थडग्याच्या दगडावर बसवतो आणि खायला अन्न व बेडी तोडायला कानस आणण्यास धमकावतो. जवळच नदीत जुन्या जहाजांचे केलेले तरंगते तुरुंग उभे असत. तेथून तो पळालेला असतो. सहा-सात वर्षांचा पिप घरातून खाद्यपदार्थ आणि ब्रँडी चोरतो, भात्याजवळून ज्योची कानस उचलतो आणि पहाटेच्या धुक्यात त्याला नेऊन देतो. कैदी दुसऱ्याच दिवशी पकडला जातो. पकडला गेल्यावर तो शिपायांना आपण होऊन सांगतो की लोहाराच्या घरातले अन्न मीच चोरले. मुलावर आळ येऊ नये म्हणून बोललेले हे खोटे आहे. त्यावर ज्यो म्हणतो की खाल्लेस ते बरे केलेस. तू काय केलेस ते आम्हांस ठाऊक नाही, पण तू उपाशी मरावेस असे आमच्यापैकी कोणास वाटणार नाही.

कादंबरीतील पुढचे सगळे या एका प्रसंगात आहे. तेथे तीन माणसे आहेत आणि तिघांनीही काही ना काही दिले आहे. मुलाने भीतीपोटी दिले, कैद्याने कृतज्ञतेपोटी दिले. ज्योने मात्र काहीच हिशेब न करता दिले. पिप पुढे मोठा होऊन जे शिकतो ते ज्योला त्या दिवशीच येत होते. पण पिप ज्योला चोरीची गोष्ट कधीच सांगत नाही. आपल्यावरचा त्याचा विश्वास जाईल अशी त्याला भीती वाटते. त्या दोघांत पडलेले पहिले अंतर हे आहे, आणि ते अजून गरिबी-श्रीमंतीचे नाही.

ते दुसरे अंतर मिस हॅविशॅमच्या वाड्यात निर्माण होते. लग्नाच्या दिवशी वराने फसवल्याचे पत्र आले त्या क्षणी, नऊला वीस मिनिटे असताना, तिने घरातली सर्व घड्याळे बंद केली. तेव्हापासून ती त्याच विरलेल्या लग्नाच्या पोशाखात बसून आहे आणि मेजावर लग्नाचा केक कोळ्यांच्या जाळ्यांत कुजत आहे. तिची दत्तक मुलगी एस्टेला पिपबरोबर पत्ते खेळते. खेळ आपल्याकडच्या भिकार-सावकाराच्या जातीचा आहे, आणि डिकन्सने तो सहज म्हणून निवडला असेल असे आम्हांस वाटत नाही. पिप पत्त्यातल्या गुलामाला ‘जॅक’ म्हणतो, याचे तिला हसू येते. त्याचे हात खरबरीत आहेत, बूट जाड आहेत, असे ती म्हणते. त्या दिवसापर्यंत पिपला स्वतःचे हात कसे आहेत हे ठाऊकच नव्हते. घरी परतताना त्याला पहिल्यांदा वाटते की ज्योला कोणीतरी चांगल्या रीतीभाती शिकवायला हव्या होत्या, म्हणजे मलाही त्या आल्या असत्या.

या वाक्यापाशी थांबावे असे आम्हांस वाटते. अपमान एस्टेलाने केला, पण मुलाचा राग तिच्यावर जात नाही, ज्योवर जातो. ज्याने तिरस्कार केला त्याच्यासारखे व्हावे असे वाटते, आणि ज्याने प्रेम केले त्याच्यासारखे असणे हा दोष वाटू लागतो. लाज या भावनेची उलटी चाल इतक्या कमी शब्दांत आम्हांस इतरत्र क्वचितच आढळली. डिकन्सला ती अनुभवाने ठाऊक होती. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या चार्ल्सला बूट-पॉलिशच्या एका कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवण्याच्या कामास लागावे लागले. आठवड्यास सहा शिलिंग मिळत. कीर्तीच्या शिखरावर असतानाही त्याने ही गोष्ट जगास कळू दिली नाही. १८७० मध्ये तो वारल्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून ती बाहेर आली. आपल्या पूर्वायुष्याची लाज वाटणाऱ्या नायकाची ही कादंबरी तीच लाज आयुष्यभर झाकून ठेवणाऱ्या माणसाने लिहिली आहे.

पिप ज्योच्या हाताखाली लोहारकामाची उमेदवारी करीत असताना, चौथ्या वर्षी, जॅगर्स नावाचा वकील लंडनहून येऊन सांगतो की एका अज्ञात हितचिंतकाने पिपला ‘जंटलमन’ करण्यासाठी संपत्ती ठेवली आहे. त्या काळच्या इंग्लंडात जंटलमन म्हणजे प्रथमतः ज्याला हाताने काम करावे लागत नाही असा माणूस. सभ्यता हा त्या शब्दाचा नंतरचा, सोयीचा अर्थ. हितचिंतक मिस हॅविशॅमच असणार अशी पिपची खात्री होते. वकील ज्योस विचारतो की हाताखालचा उमेदवार गेला याची भरपाई म्हणून काही रक्कम हवी आहे काय. शांत ज्यो या एका प्रश्नावर संतापतो. संपूर्ण पुस्तकात तो फार थोड्या वेळा असा खवळतो, आणि येथे कारण पैशाचे आहे: मुलाची किंमत लावली गेली.

लंडनमध्ये पिप शिकतो थोडे, खर्च करतो फार. ज्यो त्याला भेटायला येतो तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात असेल. बेतशुद्ध कपड्यांत अवघडलेला ज्यो, कोठेच न टिकणारी आणि पुनःपुन्हा खाली पडणारी त्याची टोपी, आणि ‘पिप’ व ‘सर’ या दोन संबोधनांत अडखळणारी त्याची जीभ. पिप प्रांजळपणे सांगतो की पैसे देऊन त्याचे येणे टाळता आले असते, तर आपण पैसे दिले असते. जाताना ज्यो म्हणतो की कोणी लोहार असतो, कोणी तांबट, कोणी सोनार. माणसामाणसांत असे भेद पडायचेच, आणि ते आले तसे स्वीकारले पाहिजेत. मी भट्टीपाशी असतो तेव्हाच मी बरा. तेथे येऊन खिडकीतून पाहिलेस तर मला इतका दोष सापडणार नाही.

समीक्षकांनी या भाषणाची फार स्तुती केली आहे. ज्योच्या मनाचा मोठेपणा त्यात आहे, हे खरे. तरीही त्यातला पहिला भाग आम्हांस मान्य होत नाही. व्यवसायावरून पडलेले भेद निसर्गतः पडतात आणि ज्याने त्याने आपल्या जागी राहावे, हे वचन आपल्या देशात कोणाच्या तोंडून कोणाला ऐकवले गेले हे आपण जाणतो. ज्योने ते स्वतःविषयी, दुसऱ्याचा संकोच दूर करण्यासाठी म्हटले, म्हणून ते आपण ऐकून घेतो. परंतु डिकन्सलाही ते थोडेफार पटत होते असा संशय येतो. गरीब माणूस सात्त्विक असावा आणि आपल्या जागी असावा, ही त्या काळच्या मध्यमवर्गीय वाचकाची आवड होती. ज्यो शिकावा असे लेखकाला वाटते, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बिड्डी ही गावातील हुशार, गरीब मुलगी पिपला शिकवते आणि पुढे ज्योलाही लिहायला शिकवते. पिप लंडनला असताना ज्या शिक्षणाने लहान होत जातो, त्याच शिक्षणाने ज्यो भट्टीजवळ बसून मोठा होतो. दोष शिक्षणाचा नव्हता, हे यावरून दिसते.

पिप तेवीस वर्षांचा असताना एका वादळी रात्री जिना चढून एक पिकल्या केसांचा दणकट माणूस येतो. तो दफनभूमीतला कैदी, एबल मॅग्विच. जन्मठेपेवर त्याला ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पाठवलेले असते. तेथे मेंढपाळी करून त्याने संपत्ती मिळवली आणि ती सगळी एका ध्यासापायी इंग्लंडला पाठवली: ज्या पोराने आपल्याला अन्न दिले त्याला जंटलमन करायचे. पिपच्या अंगावरचे उंची कपडे, बोटातली अंगठी, कपाटातली पुस्तके, हे सर्व एका दंडित कैद्याच्या घामाचे आहे. मिस हॅविशॅमने त्याला काहीच दिलेले नव्हते. त्याच क्षणी पिपला कळते की या माणसासाठी नव्हे, पण याच्या पैशासाठी आपण ज्योला सोडले.

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियास पाठवले. मुदत संपलेल्यांनी तेथे जमिनी घ्याव्या, श्रीमंत व्हावे, यास अडचण नव्हती; मायदेशी तोंड दाखवू नये एवढीच अपेक्षा होती. जन्मठेपेचा कैदी परतला तर फाशी, असा कायदा १८३४ पर्यंत होता, आणि कादंबरीतला काळ त्यापूर्वीचा आहे. एडवर्ड सैद यांनी ‘कल्चर अँड इम्पीरिअ‍ॅलिझम’ या १९९३ च्या ग्रंथात या कादंबरीचा आरंभीच विचार केला आहे, तो याच कारणासाठी. मॅग्विच वसाहतीत सुधारू शकतो, पण इंग्लंडमध्ये परत येऊ शकत नाही. साम्राज्याच्या दृष्टीने त्याची सोडवणूक एका अटीवर होती: त्याने पुन्हा दिसू नये. पिपचीही ज्योविषयी नेमकी हीच अट होती.

मॅग्विचची हकीकत हा कादंबरीचा दुसरा समृद्ध भाग. त्याची पहिली आठवण म्हणजे भुकेपोटी शेतातले सलगम चोरणे. नंतर कॉम्पेसन या सुशिक्षित, देखण्या ठगाच्या हाताखाली तो गुन्ह्यात ओढला जातो. दोघांवर एकत्र खटला चालतो. कॉम्पेसनचे कुरळे केस, काळा पोशाख, पांढरा रुमाल, शाळेतले ओळखीचे लोक आणि सफाईदार वाणी. मॅग्विचजवळ फाटका वेश आणि पूर्वीच्या शिक्षांची यादी. सूत्रधारास सात वर्षे, हस्तकास चौदा. जंटलमन म्हणजे काय हे मॅग्विच त्या न्यायालयात शिकला. तो पुढे जंटलमन बनवण्याच्या मागे लागला, यात वेडेपणा वाटत असला तरी तर्क आहे. ज्या नाण्याने आपल्याला हरवले ते नाणे त्याने स्वतः पाडायचे ठरवले.

परंतु येथेच उपकारकर्त्याचा रोग त्यालाही जडतो. पिपकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत मालकाचा अभिमान असतो. मी जंटलमन होऊ शकलो नाही तरी एका जंटलमनचा मालक झालो, असे तो समजतो. मिस हॅविशॅम एस्टेलाच्या बाबतीत तेच करते: पुरुषजातीवर सूड उगवण्यासाठी ती मुलीच्या छातीतले हृदय काढून तेथे बर्फ ठेवते आणि मग ही मुलगी माझ्यावर प्रेम करीत नाही म्हणून रडते. विनोदी पातळीवर हाच मनुष्य पंबलचूक नावाचा धान्य-बियाण्यांचा व्यापारी आहे. त्याने पिपसाठी काडीचेही काही केलेले नाही, पण पिपच्या भाग्याचा मूळ पाया आपणच, असे तो गावभर सांगत फिरतो. देणगीदारांची यादी छापली जाणाऱ्या ग्रंथात हे लिहिताना आम्हांस किंचित संकोच होतो. तरी पंबलचूकसारखी माणसे प्रत्येक संस्थेच्या समारंभास एखाद-दुसरी असतातच.

मॅग्विच आल्यानंतर पिपला प्रथम किळस येते. त्याचे सुरीने खाणे, त्याचा स्पर्श, काहीच सहन होत नाही. त्याचे आणखी पैसे घ्यायचे नाहीत असे तो ठरवतो, पण या निश्चयात नैतिकतेपेक्षा घृणा अधिक आहे. बदल हळूहळू होतो. मित्र हर्बर्टच्या साहाय्याने मॅग्विचला लपवणे, थेम्समधून होडीने नेऊन परदेशी आगबोटीवर चढवण्याचा बेत आखणे, त्यासाठी आठवडेच्या आठवडे होडी वल्हवण्याचा सराव करणे, या कामांत घृणा मागे पडत जाते. प्रथम सद्भावना आणि नंतर कृती असा क्रम येथे नाही. पिप आधी मॅग्विचसाठी हातांनी काम करतो, मग त्याला मॅग्विच आपला वाटू लागतो. ज्या हातांची लाज वाटून कथा सुरू झाली, तेच हात वल्ही धरतात. ऐन वेळी कॉम्पेसनच्या चुगलीमुळे सरकारी होडी आडवी येते. झटापटीत कॉम्पेसन बुडतो, आणि जबर जखमी झालेला मॅग्विच पकडला जातो. पिप त्याच्या शेजारी बसतो आणि ठरवतो की हा जिवंत असेतो माझी जागा येथेच.

खटल्याच्या दिवशी एकूण बत्तीस स्त्री-पुरुषांना एकत्र उभे करून फाशीची शिक्षा सुनावली जाते. पिप सर्वांसमक्ष मॅग्विचचा हात धरून असतो. लंडनमध्ये ज्योबरोबर दिसण्यास लाजणारा हाच तरुण. शिक्षा अमलात येण्यापूर्वीच मॅग्विच तुरुंगातील आजारीखान्यात मरतो. मरण्यापूर्वी पिप त्याला सांगतो की तुमची हरवलेली मुलगी जिवंत आहे, सुंदर आहे, आणि माझे तिच्यावर प्रेम आहे. ती मुलगी म्हणजे एस्टेला. जिच्यासारखे होण्यासाठी पिपने लोहाराचे घर टाकले, ती कैद्याची आणि जॅगर्सच्या घरी काम करणाऱ्या, खुनाच्या आरोपातून सुटलेल्या स्त्रीची मुलगी निघते. उच्चकुलीनतेची यापेक्षा कडवट थट्टा त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत विरळाच. मॅग्विचची संपत्ती सरकारजमा होणार हे पिप त्याला सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कैद्याने मुलासाठी खोटे सांगितले होते. आता मुलगा कैद्यासाठी खरे लपवतो. देणे फिटले, आणि त्यात पैसा कोठेच नाही.

मिस हॅविशॅमच्या पश्चात्तापाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती उशिरा क्षमा मागते, पिपच्या विनंतीवरून हर्बर्टच्या भागीदारीसाठी ९०० पौंड देते, आणि तिच्या जुन्या वस्त्रांनी पेट घेतल्यावर पिप तिला स्वतःचे हात भाजून घेऊन वाचवतो. तरी ती जगत नाही. एस्टेलाच्या बाबतीत मात्र लेखकाशी आमचा वाद आहे. ड्रमल नावाच्या क्रूर श्रीमंताशी विवाह करून, त्याचे अत्याचार सोसून तिचे मन मऊ झाले असे दाखवले आहे. पुरुषांना परिवर्तनासाठी प्रेम, मैत्री, काम मिळते. स्त्रीला मार मिळतो, आणि त्यालाच तिचे शिक्षण म्हटले जाते. हे व्हिक्टोरियन काळाचे वैगुण्य म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हांस ते सोडून द्यावेसे वाटत नाही.

कादंबरीतील खरी सोडवणूक, शब्दाच्या मूळ अर्थाने, यानंतर येते आणि ती अगदी थोड्या ओळींत येते. मॅग्विच गेल्यावर पिप तापाने फणफणलेला असतो. कर्जाच्या वसुलीसाठी दोन माणसे त्याला अटक करण्यास येतात. रक्कम १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स. एका जवाहिऱ्याचे बिल. त्या काळी थकलेल्या कर्जासाठी तुरुंग होता. इंग्लंडात ही पद्धत बव्हंशी १८६९ मध्ये बंद झाली. पिप बेशुद्ध होतो आणि कित्येक दिवसांनी डोळे उघडतो तेव्हा उशाशी ज्यो बसलेला असतो. ज्योने त्याची आईसारखी शुश्रूषा केली आहे. बरे वाटू लागते तसा ज्यो पुन्हा हळूहळू ‘सर’कडे वळतो, कारण बरा झालेला पिप पुन्हा आपल्यापासून दूर जाईल हे तो अनुभवाने शिकला आहे. एका सकाळी तो निघून गेलेला असतो. मागे एक छोटी चिठ्ठी आणि कर्ज फेडल्याची पावती. आयुष्यभर ऐरणीवर घाव घालून शिलकीत पडलेल्या पैशांतून ज्योने जवाहिऱ्याचे देणे भागवले होते. त्याविषयी तो शब्दही बोललेला नव्हता.

मॅग्विचने हजारो पौंड दिले तेव्हा पिप बांधला गेला. ज्योने १२३ पौंड दिले आणि तो सुटला. फरक रकमेचा नाही, हे उघड आहे. मॅग्विचला आपल्या देण्याचे फळ डोळ्यांनी पाहायचे होते. ज्यो फळ पाहण्यासाठी थांबलाच नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. पिपला सोडवण्याची किंमत प्रत्येक वेळी गरिबानेच का मोजावी? कैदी मरतो, लोहाराची शिल्लक संपते, आणि पिप शेवटी भागीदार होतो. शिवाय तो कैरो येथे इंग्रजी व्यापारी पेढीत अकरा वर्षे काढतो. ती नोकरी त्याला हर्बर्टमुळे मिळते, आणि हर्बर्टची भागीदारी पिपने गुप्तपणे विकत घेण्यास आरंभ केला तो स्वतःला मिळालेल्या ५०० पौंडांतील अर्ध्या रकमेने, म्हणजे मॅग्विचच्या पैशाने. हिशेब पुरता फेडला जात नाही. पिप स्वतः मात्र एवढे कबूल करतो की आयुष्यात आपण केलेली एकमेव चांगली गोष्ट ती हर्बर्टसाठी केलेली, आणि तीही गुपचूप. ज्योची रीत त्याने अजाणता एकदा तरी गिरवली होती.

कादंबरीच्या शेवटाविषयी विद्यार्थ्यांना नेहमी सांगितले जाते की डिकन्सने तो बदलला. पहिल्या लेखनात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यावर क्षणभर भेटतात आणि कायमचे दुरावतात. तिने एका डॉक्टरशी दुसरे लग्न केलेले असते. मित्र बुल्वर-लिटन याच्या आग्रहावरून डिकन्सने नवा शेवट लिहिला. त्यात मिस हॅविशॅमच्या पडक्या वाड्याच्या जागी संध्याकाळच्या धुक्यात दोघे भेटतात आणि हातात हात घालून बाहेर पडतात. मूळ शेवट फॉर्स्टरने पुढे चरित्रात प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून कोणता शेवट खरा यावर वाद चालू आहे. आम्हांस मूळचा अधिक प्रामाणिक वाटतो. परंतु हा वाद आमच्या विषयास फारसा लागत नाही. पिपच्या सोडवणुकीचा शेवट एस्टेलापाशी नाही, आणि जेथे तो आहे ते पान दोन्ही लेखनांत सारखेच आहे.

अकरा वर्षांनी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, पिप जुन्या स्वयंपाकघराची कडी हळूच काढतो. चुलीपाशी ज्यो बसला आहे, केस थोडे पिकले आहेत. पिपची बहीण कधीच वारली आहे. ज्यो आणि बिड्डी यांचे लग्न झाले आहे. कोपऱ्यात, पिपच्या लहानपणच्या जागी, एका लहान स्टुलावर एक मुलगा बसला आहे. त्याचे नाव त्यांनी पिप ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पिप त्याला फिरायला नेतो, दफनभूमीत घेऊन जातो आणि एका थडग्याच्या दगडावर अलगद बसवतो. जेवणानंतर तो बिड्डीला म्हणतो की हा मुलगा तू मला देऊन टाक, निदान उसना तरी दे. बिड्डी हळुवारपणे नाही म्हणते.